वही कुणाची?



आपल्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. आदल्या वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावरच चिखलफेक चालली होती. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि मग पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. माळशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केलं. त्यामुळे ताराबाईंचा संताप आपल्याला कळतो. त्यांचा रोजचा दिवस मात्र कळत नाही. त्यांच्या हातची रोजनिशी काही आपल्यापर्यंत आलेली नाही.

रोजचा दिवस लिहून ठेवावा असं बाईला सहसा वाटतच नाही. साखरखेर्ड्याच्या आसपासच्या बचत गटांत हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “ताई, माह्यं काय हाय लिवण्यासारखं?” याच बाया गटाचा हप्ता, व्याज, कुणाकडे किती थकलं याचा पैन्‌पैचा हिशेब ठेवतात! म्हणून आम्ही वेगळी डायरी आणली नाही. शहरात ‘स्वतःचा शोध’ घ्यायला जाड पुठ्ठ्याच्या महागड्या वह्या मिळतात, त्याचं इथं काही काम नाही. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं पुरली. आज किती वाजता उठले, कुणाच्या वावरात गेले, मजुरी कुणाच्या हातात पडली, कशाचं हसू आलं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांनी एकीच्या लक्षात आलं, की सोयाबीनच्या सोंगणीची आपली मजुरी एकदाही आपल्या हातात आलेली नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण एकाखाली एक लिहिलेलं पाहणं वेगळं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी चिकटवही. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, बियाण्याची पाकिटं, साडीची खोकी आणि रद्दी मध्ये ओतायची. आवडेल किंवा डाचेल ते चित्र कापून चिकटवायचं आणि हेच का घेतलं ते सांगायचं. एका आजींनी फक्त पाणी चिकटवलं: विहीर, नळ, टँकर, धबधबा. सांगता सांगता त्या नवव्या वर्षापासूनच्या हंड्यांपर्यंत गेल्या. दुसरीनं ट्रॅक्टरच्या जाहिरातीतला माणूस कापून टाकला आणि बसायची जागा मोकळी ठेवली. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

याच ढिगात आपल्यासारखी दिसणारी बाई शोधायला सांगितलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली. गोऱ्या, दागिने ल्यालेल्या बाया ढीगभर. उन्हानं रापलेली, डोक्याला फडकं बांधलेली एकच सापडली, तीही सरकारी योजनेच्या जाहिरातीत, हात जोडून उभी. चित्रं गोळा करून ‘स्वप्नांचा फलक’ बनवा असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. पण चित्रं बाजारानं पुरवलेली असतील तर स्वप्नं तरी कुणाची? म्हणून कुणी कोळशानं, कुंकवानं स्वतःच काढलेलं चित्र आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

आता अवघड भाग. वही ठेवायची कुठे? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळत लिहिलेलं जवळपास वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं ते १९८६ साली. आजही स्वतःचं कुलूप असलेली पेटी किती जणींकडे आहे? फोनमध्ये बोलून ठेवावं तर फोन साऱ्या घराचा. वही नवऱ्याच्या हाती लागली आणि मार बसला, असं होऊ शकतं. म्हणून ‘मनातलं सगळं लिहा’ असं सरसकट सांगायला आम्ही तयार नाही. धोका वाटत असेल तर वही गटाच्या पेटीत ठेवा, नावाऐवजी खूण करा, किंवा लिहून झाल्यावर पान चुलीत घाला. जाळलेल्या पानावरही विचार झालेलाच असतो. गटातही कुणी आपलं वाचून दाखवलं नाही तर आग्रह धरू नये, आणि ऐकलेलं पाणवठ्यावर न्यायचं नाही.

घरात मारहाण होत असेल तर मात्र तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं, कोणत्या दवाखान्यात गेलो, हे लिहून विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवाच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यासमोर बसल्यावर आठ वर्षांचं दुखणं एका दमात सांगता येत नाही, तारखा चुकतात, आणि मग बाईच खोटी ठरते. वही म्हणजे खटल्याचा निकाल नव्हे, पण सांगताना आधार होतो.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून वह्या मागवत नाही. वही कुठे ठेवता, कधी लिहिता, कुणी अडवलं आणि मग काय केलंत, एवढंच कळवा. नाव नको असेल तर छापणार नाही.