उभ्या पायांचा रोजा

रमजानचा शेवटचा अशरा लागला की हिंगोलीच्या बाजारात रेडिमेड कपड्यांच्या दुकानातला मुलगा खाली बसणे विसरतो. सकाळी दहाला शटर वर जाते ते रात्री अकरा-बाराला खाली येते. मधे खजूर आणि पाण्यावर रोजा सुटतो, तोही बहुधा काउंटरच्या मागे उभ्यानेच. घरी जाऊन अंग टाकेपर्यंत एक वाजतो आणि साडेचारला अम्मी सहरीसाठी हाक मारते.

यातलाच एखादा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत असतो. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकी वर्दी इथल्या मुलांना लहानपणापासून दिसते. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे गेले तर धावणारी मुले-मुली भेटतात. त्यांतले बरेच जण दिवसा कुठेतरी उभे असतात. कुणी दुकानात, कुणी हळदीच्या मोंढ्यात, कुणी बेकरीत, कुणी दवाखान्याच्या वॉर्डात.

अशा मुलाला घरात आणि गल्लीत एक वाक्य हमखास ऐकावे लागते, “दिवसभर पायावरच असतोस, तुला वेगळा सराव कशाला पाहिजे?” बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण वाक्य साफ चुकीचे आहे. चालताना-धावताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातले रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहिल्यावर हा पंप बंदच असतो. रक्त खाली साचते, घोटे सुजतात, पोटरी दगडासारखी होते. म्हणजे उभे राहण्याने दम वाढत नाही, थकवा मात्र पुरेपूर मिळतो. असे पाय घेऊन पहाटे डांबरी रस्त्यावर जोरात धावले की नडगी दुखू लागते. दुखणाऱ्या नडगीवर मुले बाम चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतात.

त्यांची घाई समजण्यासारखी आहे. शिपाई भरतीत मैदानी चाचणी आधी असते, लेखी नंतर. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, सगळे मिळून ५० गुण. १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. राखीव दलासाठी तर ५ किलोमीटर धाव. पाच-दहा सेकंदांनी गुण जातात आणि त्या गुणांनी यादीतले नाव. अशा वेळी महिनाभर सराव ढिला करायचा म्हटले की मुलाच्या पोटात गोळा येतो.

मग तो सहरी करून, फजरची नमाज पढून, लगेच मैदानावर जातो. रोजेदारासाठी याहून वाईट वेळ नाही. सकाळी सहालाच घाम निघून जातो आणि पाणी मिळते ते थेट संध्याकाळी. मधले दहा तास काउंटरवर. जोराची धाव हवीच असेल तर ती इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हवी, आठवड्यातून दोनदा पुरे, त्यातली एक दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. इतर दिवशी हलके पळावे किंवा सरळ झोपावे. मिळवलेला दम एका महिन्यात नाहीसा होत नाही. तो टिकवणे हेच रमजानमधले काम, वाढवायला ईदनंतरचे महिने आहेत. आणि साडेतीन तासांच्या झोपेवर कोणताही सराव अंगी लागत नाही, हे भरतीच्या ॲकॅडमीतल्या सरांनी मुलांना जरा मोठ्या आवाजात सांगायला हवे.

मुलींचे दुखणे वेगळे. रात्री दहाला मैदानावर जा, हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. वॉर्डात आठ तास फेऱ्या मारून आलेल्या मुलीला मैदानाचा एक कोपरा तरी उजेडाचा आणि निर्धास्त मिळायला हवा. तो रमजानपुरता नको, बारा महिने हवा. नवरात्रात उपवास धरून सराव करणाऱ्या मुलींनाही तो तितकाच लागतो.

सिफान हसन ही इथिओपियात जन्मलेली, निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेलेली आणि तिथे नर्सिंग शिकलेली धावपटू. २०२३ च्या रमजानमध्ये तिने रोजे ठेवून सराव केला आणि ईदनंतर दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, लंडन मॅरेथॉन जिंकली. आयुष्यातली तिची ती पहिलीच मॅरेथॉन. शर्यतीच्या मध्यात दुखऱ्या कमरेसाठी ती थांबलीदेखील होती. हे उदाहरण मुलांना हुरूप देते, द्यावेच. पण सरावानंतर तिला दहा तास जीन्सच्या घड्या घालत उभे राहायचे नव्हते, हेही लक्षात ठेवलेले बरे. उलट, २०१२ चे लंडन ऑलिंपिक रमजानमध्येच आले तेव्हा मो फराहने रोजे पुढे ढकलले आणि दोन सुवर्णपदके जिंकली. आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरात आहे. भरतीची चाचणी त्यात बसते का, हे ज्याने-त्याने आपल्या मौलानांना विचारावे. मात्र रोज्यासाठी सराव हलका करायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

परवानगी लागते ती बसायला. जुन्या कापड दुकानात गादी असायची. गिऱ्हाईक बसायचे, ठाण उलगडून दाखवणाराही बसायचा. काउंटर आले, काचा आल्या आणि दाखवणारा उभा राहिला. आता तो बसलेला दिसला तर कामचुकार ठरतो. केरळात कोळिकोडच्या विजी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला. २०१८ मध्ये तिथे दुकानातल्या कामगाराला बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला.

हिंगोलीत दुकान कुणाचे आणि नोकर कोण, याचे हिशेब धर्माने लागत नाहीत. मारवाडी शेठच्या दुकानात रोजेदार मुलगा असतो, तसा दिवाळीत मुसलमान मालकाच्या दुकानात तेरा तास उभा राहणारा सेनगावकडचा मराठा मुलगाही असतो, आणि तोही त्याच भरतीची तयारी करत असतो. बरेच मालक दिलदार असतात. इफ्तारला फळे मागवतात, ईदला कपडे देतात, दिवाळीला बोनस देतात. त्यात एक स्टूल वाढवावे. किंमत एका शर्टाच्या नफ्याएवढीही नसेल. असरची नमाज झाली की रोजा सुटेपर्यंत गिऱ्हाईक तसेही तुरळक असते. तेवढा वेळ पोराला म्हणावे, “बस रे जरा.”