एका कायद्याची दोन मापे

परकीय पैशाने राजकारण नासू नये, या कारणास्तव आणीबाणीत, १९७६ साली, परकीय देणगी नियमन कायदा झाला. त्याचा आसूड आज कोणाच्या पाठीवर पडतो? काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांनी त्याचा भंग केल्याचा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. तेव्हा २०१६ व २०१८ च्या वित्त विधेयकांनी ‘परकीय’ या शब्दाची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पासून, बदलून टाकली. स्वयंसेवी संस्थांना मात्र अशी क्षमा नाही. २०२० च्या दुरुस्तीने परकीय देणगीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची त्यांची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. लोकांच्या प्रश्नावर हरताळ करणारी संस्था केवळ तेवढ्यावरून ‘राजकीय’ ठरत नाही, हे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

संस्थांनी हिशेब देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पक्षांनीही तो द्यावा, एवढेच आहे. निवडणूक रोखे २०२४ साली घटनाबाह्य ठरले, तरी २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे न सांगण्याची मुभा पक्षांना आहेच. ती काढून घ्या, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला हवा असेल, तर प्रत्येक तालुका शाखेने आपली पावतीपुस्तके आधी लोकांपुढे ठेवावीत.