अनुदान छताला, माणसाला नाही

सरकारी योजना जात विचारत नाही, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’सुद्धा जात विचारत नाही. ती छत विचारते. आणि आपल्या देशात छत विचारणे म्हणजे बहुतेक वेळा जात विचारणेच असते.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 75,021 कोटी रुपये खर्चून एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे आहेत. केंद्राचे अनुदान 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किलोवॅट व त्यापुढे 78 हजार रुपये. छत्तीसगड सरकारने 2025 मध्ये त्यात भर घातली : 1 किलोवॅटला 15 हजार, 2 किलोवॅट व त्यापुढे 30 हजार. म्हणजे रायपुरातल्या पक्क्या घराच्या मालकाला 1 लाख 8 हजार रुपये मिळू शकतात. अटी साध्या दिसतात : स्वतःचे घर, पॅनेल बसेल असे छत, वीजजोडणी. अनुदान खात्यात येते ते पॅनेल बसल्यानंतर. तोवरचा पैसा किंवा कर्ज आपणच उभे करायचे.

मी रायपुरात समाजशास्त्रात पीएचडी करते. संशोधनासाठी ज्या वस्त्यांत जाते, तिथे सतनामी, बौद्ध आणि ओडिशातून आलेली मजूर कुटुंबे राहतात. डोक्यावर कवेलू नाहीतर टिनाचे पत्रे. पट्टा आजोबांच्या नावावर, मीटर काकांच्या नावावर, आणि त्या एका मीटरवर तीन चुली. कितीतरी जण भाड्याने राहतात. मीटर घरमालकाचे आणि युनिटचा दरही तो सांगेल तो. ही माणसे अर्जाच्या पहिल्या पायरीवरच अडतात.

कोणी म्हणेल, यात नवे काय? नवे हे आहे की छताचे अनुदान देताना मीटरवरची सवलत कमी केली गेली. छत्तीसगडमध्ये मार्च 2019 पासून घरगुती ग्राहकांना 400 युनिटपर्यंत निम्मे बिल माफ होते. ऑगस्ट 2025 मध्ये ही मर्यादा 100 युनिटवर आणली गेली. कारण दिले गेले सूर्यघरचे : निम्म्या बिलाकडून मोफत विजेकडे. लोकांची नाराजी वाढल्यावर 1 डिसेंबर 2025 पासून मर्यादा 200 युनिट झाली. 200 ते 400 युनिट वापरणाऱ्यांना एका वर्षाची मुदत मिळाली, तेवढ्यात त्यांनी सौर पॅनेल बसवून घ्यावे म्हणून. ज्याला छतच नाही त्याने या वर्षात काय करायचे, याचे उत्तर नाही.

गरीब तर 100-200 युनिटच्या आतच असतो, असा युक्तिवाद होतो. एका मीटरवर एक कुटुंब असेल तर तो खरा आहे. पण जिथे तीन कुटुंबे एका मीटरवर आहेत, तिथे तीन गरिबांची बेरीज कागदावर एक ‘श्रीमंत’ ग्राहक होते.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचा विषयही बाबासाहेबांकडे होता. ऑक्टोबर 1943 मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट भारतातल्या दारिद्र्याशी जोडला होता. वीज हा त्यांच्यासाठी गरिबी हटवण्याचा प्रश्न होता. आज तो घरमालकांच्या गुंतवणुकीचा प्रश्न झाला आहे.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. कोरब्याच्या कोळशाची किंमत कोणत्या गावांनी आणि कोणत्या आदिवासींनी मोजली, हे छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रश्न वाटपाचा आहे. महाराष्ट्राने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ योजनेत 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30 हजारांवर वेगवेगळी भर दिली : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15,000 आणि महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या इतरांना 10,000 रुपये. छत तिथेही लागतेच. तरी सगळे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करत नाहीत, हे निदान मान्य केले आहे. छत्तीसगडच्या वाढीव अनुदानात तेवढेही नाही.

मग मागणी काय? व्हर्च्युअल नेट मीटरिंगमध्ये पॅनेल एका जागी असते आणि त्याची वीज अनेकांच्या बिलातून वजा होते. वस्तीतल्या शाळेच्या किंवा समाजभवनाच्या छतावर पॅनेल लावून वस्तीची बिले कमी करता येतात. ते होईपर्यंत भाडेकरूंची आणि सामाईक मीटरवरच्या कुटुंबांची सवलत काढू नये. आणि किती लाभार्थी कोणत्या प्रवर्गाचे, हे आकडे दर वर्षी जाहीर करावेत.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शासननिर्णय वाचू शकणारे आपण पहिलेच आहोत. आई-वडील आपल्याकडून नोकरीची वाट बघतात, ते रास्तच आहे. पण वस्तीतल्या दहा घरांची बिले समोर ठेवून माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहिणे, हेही त्याच पदवीचे काम आहे. दहा रुपयांत होते. या महिन्याच्या बिलापासून सुरुवात करूया.

जय भीम.