शेततळ्याचा कागद आणि पुण्याचे महासंगणक

शेततळ्याचा कागद फाटला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. दुकानदार म्हणतो, तुम्ही नीट बसवला नाही. शेतकरी म्हणतो, मालच डुप्लिकेट होता. कोणाचं खरं, हे ठरवायला गावात कुणाकडे काही नसतं. भांडून हे सुटणार नाही मंडळी. हा विज्ञानाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायची साधनं पुण्यात आहेत.

आपण कागद म्हणतो, पण असतं ते पॉलिथीन. कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, उकडलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. सगळी ताकद या गुंत्यात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून साखळ्या मधेच तोडतात. तुकडे लहान झाले की गुंता धरत नाही, आणि आधी ताणला जाणारा कागद तडकायला लागतो. (तो काळा असतो तोही यामुळेच. आत काजळी घातलेली असते, ती ऊन अडवते. स्वस्त मालात तीच कमी पडली तर काय होणार, तुम्हीच सांगा.)

एकेक साखळी कशी हलते, हे डोळ्यांनी बघता येत नाही. संगणकावर मात्र करून बघता येतं. साखळीऐवजी मण्यांची माळ घ्यायची, प्रत्येक मण्याला न्यूटनचे नियम लावायचे आणि पुढे काय होतं ते मोजत राहायचं. वितळलेल्या पॉलिमरमधली साखळी गुंत्यातून सापासारखी सरपटत वाट काढते, असं द जेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1971 मध्ये मांडलं होतं. 1990 मध्ये क्रेमर आणि ग्रेस्ट यांनी अशाच माळा संगणकावर हलवून त्याला आधार दिला. यासाठी लागणारं लॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. छोटे हिशोब तर पोरांच्या गेमिंगच्या कॉम्प्युटरवरही होतात.

पुण्यात एनसीएल 1950 पासून आहे. सी-डॅकने परम 8000 तिथेच 1991 मध्ये उभा केला. आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. शेततळ्याला सरकार अनुदान देतं ना? मग त्यातलेच थोडे पैसे कागदाच्या आयुष्याच्या अभ्यासाला द्या. किती साखळ्या तुटल्या की कागद तडकतो, काय मिसळलं तर तो टिकेल, हे संगणक आधी चाळून देईल. मग निवडक चार-पाच नमुने उन्हात टाकायचे.

चाळून देईल बरं का, निकाल नाही देणार. अणूंच्या पातळीवर एकेक पाऊल सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्याव्या भागाचं असतं. एक मायक्रोसेकंद गाठायला 100 कोटी पावलं. आपल्याला हवीत पाच-सात वर्षं, तीही मराठवाड्याच्या मे महिन्यासकट! मण्यांच्या माळेने जास्त काळ गाठता येतो, पण बारकावे गळतात, आणि उन्हाने साखळी तुटणं तर त्यात वेगळं घालावं लागतं.

त्यामुळे उद्या कुणी "कॉम्प्युटरवर टेस्ट केलंय, 10 वर्षं गॅरंटी" म्हणत आला, तर एवढंच विचारा: उन्हात किती दिवस ठेवला होता? आणि जे सांगेल ते पावतीच्या मागे लिहून त्याची सही घ्या.