मार्गदर्शक : प्रबंधापुरता की उपजीविकेपर्यंत?

‘मार्गदर्शक’ हा शब्द विद्यापीठीय व्यवहारात किती आक्रसला आहे, याकडे निदान मराठीच्या अभ्यासकांनी तरी लक्ष द्यावयास हवे. मार्ग दाखविणारा तो मार्गदर्शक, हा मूळ अर्थ मागे पडून पीएच.डी.च्या प्रबंधावर स्वाक्षरी करणारा प्राध्यापक, एवढाच त्याचा अर्थ आपल्याकडे उरला आहे. परिणामी, जो विद्यार्थी संशोधनाकडे न वळता एम.ए. होऊन पहिल्या नोकरीच्या शोधात बाहेर पडतो, त्याला मार्गदर्शकच नसतो. प्रस्तुत टिपणात या विद्यार्थ्याचा विचार करावयाचा आहे.

मराठी विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर सामान्यतः एकच वाट असते : नेट किंवा सेट, आणि त्यानंतर महाविद्यालयीन अध्यापन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट वा स्लेट ही किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली. तथापि पात्र ठरणे आणि पद मिळणे यांतील अंतर त्यामुळे मिटले नाही. ते अंतर अनेक जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे कापत राहतात. अनुवाद, मुद्रितशोधन, संहिता-संपादन, कोशकार्य, उपशीर्षकलेखन ही क्षेत्रे त्यांना ऐकून माहीत असतात; तेथे प्रवेश कसा होतो, हे मात्र माहीत नसते. माध्यमिक शाळेत शिकवावयाचे तर बी.एड. लागते आणि आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. एवढी साधी गोष्ट प्रवेशाच्या वेळी कळणे आणि निकालानंतर कळणे, यांत आयुष्याची दोन वर्षे जातात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, परिचितांमार्फत नोकरी मिळविलेल्यांची पाहणी मांडली होती. त्यांतील ५५.६ टक्के लोकांची त्या परिचिताशी अधूनमधून, तर २७.८ टक्के लोकांची क्वचितच भेट होत असे. निकटच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेच बहुधा ठाऊक असते. नवी वार्ता येते ती दूरच्या वर्तुळातून. पाहणी लहान व परदेशी असली, तरी तिचे मर्म आपल्यालाही लागू पडते. घरातील पहिल्याच पदवीधराजवळ असे दूरचे वर्तुळ नसते. त्याच्या प्राध्यापकाजवळ ते असते : प्रकाशक, संपादक, आकाशवाणीतील अधिकारी, विखुरलेले माजी विद्यार्थी.

हा वशिलाच नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. वशिला गुणवत्तेची जागा घेतो. मार्गदर्शन गुणवत्ता दृष्टीस पडेल असे करते. वशिला एकट्याच्या कानात सांगितला जातो. मार्गदर्शनातील माहिती सूचनाफलकावर लावता येते. हीच त्याची कसोटी मानावी. शिवाय प्राध्यापकाचे मौन तटस्थ नसते. तो गप्प राहिला, की ज्यांच्या घरीच ओळखी आहेत त्यांचाच लाभ होतो.

माहितीइतकेच महत्त्व आहे ते विद्यार्थ्याला स्वतःच्या ज्ञानाचे नाव सांगण्याला. पाठचिकित्सा शिकलेला विद्यार्थी दोन संहिता ताडून पाहू शकतो, अपपाठ ओळखू शकतो. प्रकाशनव्यवसायाला याच नजरेची गरज असते. परंतु अर्जात तो लिहितो, ‘वाचनाची आवड आहे’. त्याचा अर्ज एकदा समोर बसवून वाचणे, संपादित केलेली दहा पाने नमुना म्हणून जोडावयास सांगणे, मुलाखतीचा सराव घेणे, नकार आल्यावर त्याची कारणमीमांसा करणे, ही कामे लहान आहेत. पण ती दुसरे कोणी करणार नाही.

‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले गेले, तेव्हा महाविद्यालयांनी नोंदवह्या तयार केल्या. त्यांतील रकाने भरले. संवाद घडलाच असे नाही. प्रत्येक विभागाने माजी विद्यार्थ्यांची, त्यांच्या आजच्या कामासह, एक सूची ठेवावी आणि एम.ए.च्या पहिल्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याशी उपजीविकेविषयी बोलावे. यासाठी अनुदान लागत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण योग्यच मानला. परंतु जी भाषा शिकून उपजीविका कशी करावी हे तिचे अध्यापकच सांगत नाहीत, तिच्या वर्गात उद्या कोण बसेल, हा प्रश्न त्या आनंदाने सुटत नाही.