नोकरीच्या यादीची वर्गणी कोणी भरावी?

बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. मलकापूरच्या जिनिंगमध्ये माणसे हवी असतात, तेव्हा लोणारच्या तरुणाला त्याची खबर नसते. खामगावच्या वर्कशॉपला वेल्डर मिळत नाही आणि मेहकरचा आयटीआय झालेला मुलगा घरी बसून असतो. म्हणून समाजातील काही मंडळी रिकाम्या जागांची यादी मोबाईलवर चालवू पाहतात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण यादी चालवायला खर्च येतो आणि तो भागवण्यासाठी वर्गणीच्या योजना आखल्या जातात. ही वर्गणी घ्यावी कोणाकडून, यावर आम्ही आमचे मत मांडत आहोत.

नोकरी शोधणाऱ्याकडून पैसे घेणे सोपे असते, कारण गरजू माणूस घासाघीस करीत नाही. पण तेच गैर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1997 साली खासगी रोजगार संस्थांविषयी जो करार केला, त्यात कामगाराकडून शुल्क घेऊ नये हा नियम घातला. त्याच वर्षी आपल्या देशात सुरू झालेल्या नौकरी डॉट कॉमचा धंदाही मुख्यतः मालकांच्या पैशावर उभा राहिला. केंद्र सरकारने 2015 साली सुरू केलेल्या नॅशनल करिअर सर्व्हिसमध्ये तर उमेदवाराची नोंदणी मोफत आहे. सरकार जे फुकट देते, त्यासाठी आपण गरिबाकडून पैसे का घ्यावेत?

मग आपल्या यादीची गरज काय, असे कोणी विचारेल. 1959 च्या कायद्याने 25 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवर रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवण्याचे बंधन घातले. पण शेतीकाम, घरकाम आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामे त्यातून वगळलेली होती. शिवाय केंद्रामार्फतच माणूस घ्यावा, अशी सक्तीही नव्हती. गॅरेज, बेकरी, शिलाईचे दुकान, मोटार वाईंडिंग हे सारे त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. आपली यादी यांच्यासाठीच हवी.

मालकांसाठी तीन योजना पुरेत, असे आम्हाला वाटते. एका जागेची महिनाभराची जाहिरात 100 रुपये. कापसाच्या हंगामासारख्या कामासाठी सहा महिन्यांची वर्गणी 600 रुपये. शाळा, दवाखाने, मोठी दुकाने यांना वर्षाला 1,000 रुपये, जागा कितीही असोत. साठ वार्षिक वर्गणीदार मिळाले तरी वर्षाला 60,000, म्हणजे महिन्याला 5,000 रुपये जमतात. फोन करून प्रत्येक जागेची खात्री करणाऱ्या एका अर्धवेळ माणसाचे मानधन त्यातून काढता येईल. छोट्या दुकानदाराची पहिली जाहिरात मोफत ठेवावी. पंधरा दिवसांत एकही उमेदवार आला नाही, तर तीच जाहिरात पुन्हा विनामूल्य द्यावी. फायदा दिसला की तो आपणहून वर्गणी भरील.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. जास्त पैसे दिले म्हणून कोणाची जाहिरात वर जाऊ नये. पगार आणि कामाचे तास लिहिल्याशिवाय जाहिरात घेऊ नये. पैसे भरणाऱ्या उमेदवाराला खबर आधी आणि इतरांना दोन दिवसांनी, अशी योजना तर मुळीच नको. दोन दिवसांत जागा भरली जाते आणि गरीब मागेच राहतो. पहिल्या पगारातून दलाली घेणे हेही त्याच जातीचे. आखाती देशांतील नोकरीची जाहिरात 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटाचीच घ्यावी, आणि नोंदणी क्रमांक तपासूनच.

फुकट दिले की उमेदवाराला किंमत राहत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण त्यावर पैसे हा उपाय नव्हे. दर तीन महिन्यांनी उमेदवाराने ‘मला अजून काम हवे आहे’ असे कळवावे. न कळवल्यास नाव काढावे. यादी ताजी राहील आणि कोणाच्या खिशाला झळ बसणार नाही.

‘नोंदणी फी’ म्हणून पाचशे रुपये उकळणारे संदेश आज मोबाईलवर रोज फिरत असतात. आपली यादी त्याहून वेगळी आहे, हे तरुणाला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. तेव्हा चिखली, खामगाव, मलकापूरच्या व्यापारी बांधवांनी हा भार स्वतः उचलावा. ज्याला माणूस हवा आहे, त्यानेच शोधाचा खर्च करावा, हाच व्यापाराचा सरळ हिशेब आहे.