धूर गेला कुठे?

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी माझा भाचा डोंबिवलीहून किन्हवलीस आला, तो नव्या कोऱ्या विजेच्या गाडीतून. गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी घरात कोणाला पत्ता नाही. "मामा, धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही!" असे त्याने मोठ्या ऐटीत सांगितले, आणि पायावर पाणी घेण्याच्या आधीच विचारले, "पंधरा अँपिअरचा प्लग कुठे आहे?" माणसे अजून चहाला बसायची होती, तोवर गाडीच्या जेवणाची चौकशी सुरू!

ओटीवर आमचे शेजारी बसले होते. त्यांची भाताची गिरणी आहे. विजेच्या मोटारीशी त्यांचा तीस वर्षांचा संसार. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, मागे वाकून धुराची नळी शोधली, ती सापडली नाही तेव्हा शांतपणे विचारले, "बाळ, धूर नाही म्हणतोस. मग तो गेला कुठे?"

भाचा हसला. मला मात्र हसू येईना. प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर भाच्याच्याच गावाशेजारी होते. विजेची गाडी आमच्या तालुक्याला नवी नाही. मुंबईत पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि १९३० च्या सुमारास कसाऱ्याचा घाटही विजेची इंजिने चढू लागली. आसनगाव, आटगाव, खर्डी या आमच्या स्टेशनांवरचा धूर गेला. पण त्या इंजिनांसाठी ठाकुर्लीला जे वीजघर उभे राहिले, ते कोळशावर चालणारे. धूर नाहीसा झाला नव्हता. त्याची नुसती बदली झाली होती.

मग आम्ही तिघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच मांडला. भाच्याची गाडी एका युनिटात सातेक किलोमीटर जाते. देशातली आजची सर्व वीज, कोळशाची, पाण्याची, उन्हाची, एकत्र धरली तर एका युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन वायू हवेत जातो. म्हणजे किलोमीटरला १०० ग्रॅम. तेवढीच पेट्रोलची गाडी लिटरला सोळा किलोमीटर जाते असे धरा; लिटरमागे २,३०० ग्रॅम वायू, म्हणजे किलोमीटरला १४५ च्या आसपास. फायदा आहे, पण तिसऱ्या हिश्शाचाच. "म्हणजे दोन हिस्से धूर अजून आहेच," गिरणीवाले म्हणाले.

"म्हणून तर हिरवी वीज घ्यायची!" भाच्याने बाजू सावरली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये तशी सोय केली. युनिटमागे ६६ पैसे जादा भरायचे, की वीज कंपनीने तुमच्या वापराइतकी वीज ऊन, वारा, पाणी यांच्यापासून विकत घ्यायची. डोंबिवली ते किन्हवली जाऊन-येऊन वीसेक युनिट लागतात. त्या दराने जादा पडले तेरा रुपये वीस पैसे.

"पण तार तर एकच," गिरणीवाले म्हणाले. "तिच्यातून तुझी हिरवी तेवढी वेगळी कशी येणार?"

वेगळी येत नाहीच. पूर्वी मुंबईहून मनीऑर्डर यायची, तेव्हा मुलाने तिकडे भरलेली नोट का पोस्टमन आईच्या हातावर ठेवायचा? नोट दुसरीच असायची, पण हिशेब चोख असायचा. हिरव्या विजेचे तसेच. तुमचे पैसे कोळशाऐवजी उन्हाच्या विजेला गिऱ्हाईक मिळवून देतात. तारेतली वीज तीच राहते.

पण या हिशेबात एक मेख आहे, आणि ती घड्याळात आहे. ऊन असते दुपारी, आणि माणूस गाडी लावतो संध्याकाळी घरी आल्यावर. नेमके तेव्हाच घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात आणि वाढीव मागणी भागवायला कोळसाच पुढे सरसावतो. दुपारची वीज रात्रीसाठी राखावी कशी? त्याचे एक उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. वर घाटमाथ्यावर घाटघरचे धरण, खाली आमच्या बाजूला चोंढ्याचे, मधे सुमारे ४०० मीटरचा कडा. मागणी नसते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी असेल तेव्हा खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॉटची ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. मात्र चार युनिट खर्चावेत तेव्हा तीनच्या आसपास परत मिळतात. साठवणीची पट्टी द्यावीच लागते.

ती पट्टी वाचवायची तर विजेला साठवण्यापेक्षा गाडीनेच उन्हाची वेळ पाळावी. महावितरणनेही जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळच्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरून तासाला तीनेक युनिट गाडीत जातात. वीस युनिटांना सात तास. नऊला लावली तर चारला पोट भरले!

"मग आत्ता नको लावू," गिरणीवाल्यांनी निकाल दिला. "दिवाळीचे दिवे लागलेत, दाब आधीच उतरलाय. उद्या उजाडू दे. आणि मामांच्या घराचे अर्थिंग मी आधी बघतो. सात तास तीन युनिटांचा भार म्हणजे इस्त्री नव्हे."

भाचा जरा हिरमुसला, पण त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान, फराळ सगळे आटोपून नऊ वाजता गाडी लावली. ती उन्हात निवांत चरत होती आणि समोरच्या खळ्यावर कापलेल्या भाताचे भारेही तेच ऊन खात होते.

मी मात्र छपराकडे पाहत बसलो होतो. २०२४ पासून घरावर तीन किलोवॉटची सौर पाटी बसवणाऱ्याला केंद्र सरकार ७८ हजार रुपये अनुदान देते. तीनशे चौरस फूट जागा लागते, ती आहे. स्वच्छ दिवशी बारा युनिट मिळतात. आमच्याकडचे पावसाचे चार महिने त्याला अपवाद, हे मी स्वतःला बजावतो आहे. तरी भाच्याच्या एका खेपेला दोन दिवसांचे ऊन पुरे. ज्या तालुक्याने भातसा, तानसा अडवून मुंबईला पाणी दिले, त्याने आपल्या पाहुण्याच्या गाडीला थोडे ऊन द्यायला काय हरकत आहे?

निघताना भाच्याने विचारले, "मामा, पुन्हा केव्हा येऊ?"

"केव्हाही ये," मी म्हटले, "पण सकाळी ये."